३१५ रायफलीला चामड्याचा पट्टा: तयार घ्यावा की शिवून?

मन्याडकाठ (ता. कंधार)

राम राम मंडळी. वडिलांच्या नावावरची ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल वारसाहक्कानं आता माझ्या परवान्यावर आलीय. परवाना पीक संरक्षणाचा. रान मन्याडच्या काठाला, खालच्या अंगाला ऊस, वर भुईमूग आणि मका. रानडुकरं दिवसभर उसात पडून राहतात आणि अंधार पडला की भुईमुगात उतरतात. शेंग भरायला लागली की जागल आलीच. रायफल चालवायचा प्रसंग क्वचित येतो, पण खांद्यावर ती रोज असते. म्हणून प्रश्न बंदुकीचा नाही, पट्ट्याचा आहे.

जुना पट्टा वडिलांनी हैदराबादहून आणलेला. कातडं जाड, बक्कल पितळी, रंगही बऱ्यापैकी टिकून आहे. पण रायफलीला पट्टा ओवायची जी पुढची कडी, तिच्यापाशी घडी पडते तिथं आडव्या भेगा गेल्यात, आणि नखानं दाबलं की भेगेतून तांबूस भुसा निघतो. परवा बांधावरून उडी मारताना करकन वाजलं. तेव्हापासून रायफल हातात धरूनच फिरायलोय.

नवा घ्यायचा म्हणून ऑनलाइन बघितलं तर गोंधळच वाढला. कुणी खांद्यावर रुंद आणि टोकाला निमुळता देतंय, कुणी सरळ सव्वा इंची, कुणी पट्ट्यावरच गोळ्या खोचायला घरं शिवून देतंय. एकावर तर वाघाचं तोंड उठवलंय. वर्णनात सगळ्यांनी 'अस्सल लेदर' लिहून ठेवलंय. नेमकं बघायचं काय? रुंदी किती, लांबी किती? आणि जुन्याला तेलबिल लावून जीव येतो का? आई म्हणते करडईचं तेल चोळ, घरचंच आहे.

नियमानं_चला (छ. संभाजीनगर)

पट्ट्याआधी एक सांगतो, राग मानू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे बंदूक बाळगायचा परवाना. डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायची मुभा त्यातून मिळत नाही, त्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. ती मिळाली तरी मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता, घरी न्यायचं नाही. काळवीट, चिंकारा ह्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचे. तिथं पिकाच्या नुकसानीचं कारण चालतच नाही. आणि परवान्यावर हद्द कुठपर्यंतची लिहिलीय तेही एकदा बघून घ्या, लोक तालुक्याबाहेर बंदूक घेऊन फिरतात आणि मग वकील शोधतात.

मन्याडकाठ (ता. कंधार)

राग कशाचा, बरोबरच बोललात. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात रीतसर दिलेला असतो, परवानगीचा कागद खिशात असल्याशिवाय गोळी भरत नाही. काळविटांचा कळप आला तर पत्र्याचा डबा वाजवून हाकलतो, बंदुकीचं नावही काढत नाही. आता पट्ट्याचं सांगा.

हवालदार_मामा (उदगीर)

कंधारकर, आधी ते वाघाचं तोंड यादीतून काढून टाका. उठवलेल्या नक्षीच्या खाचेत घाम आणि धूळ बसते, अन् कातडं तिथूनच तडकायला लागतं. वाघ दाखवायचा कुणाला, डुकराला?

पायदळात होतो तेव्हा निवारीचा पट्टा वापरला. निवृत्तीनंतर बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहायलो तेव्हा चामड्याचा. दोन्ही खांद्याला माहीत आहेत. माझं म्हणणं, कातडं नंतर बघा, आधी पट्टी घेऊन रायफलीच्या कड्या मोजा. कडीचा आतला गाळा मोजायचा, बाहेरची रुंदी नाही. एक इंची कडीत सव्वा इंची पट्टा कोंबून बसवणारे महाभाग आहेत. त्यात कडा दुमडते, दुमडलेल्या जागी पट्टा घासतो आणि बरोबर तिथंच तुटतो. उलट मोठ्या कडीत अरुंद पट्टा घातला की तो आत इकडून तिकडं सरकतो आणि कडी वाजते. डुकराची नजर यथातथाच, पण कान आणि नाक असलं तिखट की कडीची एक टिचकी त्याला पुरते. दोन्ही कड्या वेगवेगळ्या मोजा. जुन्या रायफलीत मधे कधीतरी कुणीतरी एक कडी बदललेली असते.

लांबीसाठी सुतळी घ्या. रायफलीतल्या सगळ्या गोळ्या बाहेर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, बोट घालून खात्री करा, मग सुतळी दोन्ही कड्यांना बांधून रायफल खांद्याला लावा. जागलीला जे अंगावर असतं तेच घालून माप घ्यायचं. बनियनवर माप घेतलं आणि थंडीत वरून जाडजूड जॅकेट घातलं की पट्टा आखूड पडलाच. आखूड झाला तर नळी डोक्याच्या वर जाते आणि बांधावरच्या बाभळीत अडकते. लांब झाला तर चालताना दस्ता मांडीमागं आपटतो. मधलं माप सुतळीवर गाठ मारून धरा, आणि दोन्ही टोकांच्या घड्यांसाठी मिळून वीतभर तरी जास्त धरा. शिवाय कमी-जास्त करायला चार-पाच भोकं पाहिजेतच.

रुंदीचं म्हणाल तर रुंद आणि अरुंद दोघांचं काम वेगळं. अरुंद सरळ पट्टा नेम धरायला उपयोगी. डावा हात पट्ट्यातून घालून एक आढी घेतली की रायफल खांद्यात घट्ट बसते, थरथर कमी होते. रुंद पट्ट्याची अशी आढी नीट बसत नाही, तो हाताला टोचतो. पण तीन-साडेतीन किलोचं वजन रात्रभर वागवायचं तर अरुंद पट्टा खांद्यात रुततो. तुम्हाला फिरणं जास्त, नेम क्वचित. रुंद घ्या, पण खांद्याच्या भागात दोन इंचांच्या वर नको. त्याहून रुंद झाला की मानेकडची कडा घासायला लागते.

गोळ्यांची घरं अजिबात नको. कातड्यात खोचून ठेवलेल्या गोळीच्या पितळेवर थोड्या दिवसांत हिरवा थर चढतो. तसली गोळी चेंबरमध्ये अडकली तर ऐन वेळेला काय कराल? शिवाय ते वजन पट्ट्यावर झुलत राहतं. आणि एखादी गोळी रात्री बांधावर गळाली तर तिचा हिशेब कुणाला देणार?

माळ्यावर चढतानाचं एक. रायफल खाली ठेवून, वर चढून, पट्ट्याला धरून वर ओढणारे मी बघितलेत, आणि तीही भरलेली, नळी स्वतःकडं. पट्टा खांद्याला अडकवायला असतो. चढायच्या आधी रिकामी करायची, वर बसल्यावर भरायची. ह्यात सूट नाही.

पट्टा_म्हणजे_पट्टा (जालना)

एवढा खटाटोप कशाला? नायलॉनचा घ्या. भिजला तरी तासाभरात वाळतो, बुरशी नाही, तेल नाही, उंदीर तोंड लावत नाही. किंमत चामड्याच्या पाव हिश्शाला. कातड्याचा हट्ट म्हणजे फोटो काढायची हौस.

साजवाला (लोहा)

जालनेकर, माझा धंदा कातड्याचा आहे तरी तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य. मृगापासून हस्तापर्यंत नायलॉनच लावावा. पावसात चामड्याचा पट्टा वापरणं म्हणजे पट्ट्याचेही हाल आणि रायफलीचेही. पण उरलेल्या आठ महिन्यांत नायलॉन खांद्यावरून घसरतो, एक हात कायम पट्टा सावरण्यात जातो, आणि उन्हाळ्यात घामानं भिजलेल्या सदऱ्यावर त्याची कडा जी करकचते ती मान लाल करते. कातडं कापडाला धरून राहतं, घसरत नाही. फोटोचा काय संबंध?

आता कंधारकर भाऊ, तुमच्यासाठी. आमच्या घरात बैलांचा आणि घोड्यांचा साज करायचं काम चालत आलंय. पोळ्याला घुंगुरपट्टे, म्होरक्या. आमच्या तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेला लगाम, तंग (खोगीर आवळायचा पट्टा), रिकिबीचे पट्टे. बंदुकीचे पट्टे मागणारे थोडेच, पण येतात. घोड्याच्या तंगाला आणि बंदुकीच्या पट्ट्याला कातडं एकाच जातीचं लागतं: ताण सोसणारं आणि ताणून न लांबणारं. तसलं कातडं जनावराच्या पाठीवर मिळतं, कण्याच्या दोन्ही अंगांना. पोटाचं कातडं मऊ, सैल, स्वस्त. त्याचा पट्टा पहिल्या हंगामातच चार बोटं लांबतो, एका जागी रुंद आणि एका जागी अरुंद होतो. दुकानदाराला विचारा पाठीचं आहे का. उत्तर येईपर्यंत पट्टा स्वतःच दोन्ही हातांत धरून ताणा, मग उलट्या बाजूनं दुमडा. पोटाचं असेल तर मागची बाजू केसाळ, सैल वाटते आणि घडीत जाड सुरकुत्या पडतात. पाठीचं असेल तर बारीक, सारख्या रेषा उमटतात आणि सोडलं की पुन्हा सपाट.

'अस्सल लेदर' म्हणजे काय ते सांगतो. जाड कातडं यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरचा थर, जिथं केसांची मुळं असतात, तो खरा ताकदीचा. खालच्या थरावर रंगाचा पापुद्रा दाबून, वर खोटे कण उठवून विकलं तरी तेही 'अस्सल'च, कारण कातडं तर आहेच. ओळखायचं कडेवरून. कापलेली कडा निरखून बघा. वर रंगाची प्लास्टिकसारखी पातळ पट्टी आणि खाली मोकळा भुसभुशीत धागा दिसला की तो ठेवून द्या. कडा जर रंगानं जाड लिंपून टाकली असेल तर मला तरी संशयच येतो, लपवायचं नसेल तर कशाला लिंपली?

त्याच कडेवर दुसरी गोष्टही दिसते. आत निळसर-राखाडी झाक असेल तर ते क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या रसायनात कमावलेलं कातडं. दिवसा-दोन दिवसांत कमावून होतं, मऊ असतं, पिशवीला, बुटाच्या वरच्या भागाला चांगलं. पट्ट्याला नको, ते ओढ खातं. पट्ट्याला सालीवर कमावलेलं पाहिजे. बाभळीची साल, तरवड, हिरडा ह्यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरलेलं, आरपार तपकिरी. पाण्याचा थेंब टाकला तर हळूहळू पिऊन तिथं काळसर डाग पडतो, मग वाळला की फिका होतो. रंगवलेल्या मालावर हा थेंब काही सांगत नाही, म्हणून मी बिनरंगाचंच घ्या म्हणतो. उन्हानं आणि हातानं ते आपोआप गुळासारखं होतं. काळा पट्टा उन्हात तापतो आणि घामानं रंग सोडतो. पांढरा सदरा असेल तर खांद्यावर काळी पट्टी उठलीच.

जनावर कुठलं म्हणाल तर आपल्याकडं आता जाड कातडं म्हणजे बहुतेक म्हशीचंच. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून आमच्या धंद्यात बैलाच्या कातड्याचं नाव क्वचित निघतं. म्हशीचं थोडं खरबरीत, छिद्रं मोठी दिसतात, देखणेपणात कमी. पण ताकदीला तोड नाही. जाडी साडेतीन ते चार मिलीमीटर. त्याहून पातळ असेल तर खांद्यावर दोरीसारखा गोळा होतो, त्याहून जाड असेल तर कडीतून वळत नाही.

आता शिलाई, कारण पट्टा तुटतो तो मधे नाही, टोकाला. मशीनच्या शिलाईत वरचा एक आणि खालचा एक असे दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात. एक जागी घासून तुटला की पुढचे टाके एकेक करून सुटत जातात. आमच्याकडं दोन सुया आणि एकच दोरा. आरीनं तिरपं भोक पाडायचं, एक सुई डावीकडून, दुसरी उजवीकडून, त्याच भोकातून. दोन्ही हात बाहेरच्या अंगाला ओढले की टाका कातड्यात थोडा बुडतो आणि तिथंच गच्च होतो. उद्या एका बाजूनं दोरा झिजला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. दोऱ्याला मेण ओढलेलं असावं, म्हणजे भोक बुजतं आणि पाणी आत जात नाही. इंचाला सहा टाके पुष्कळ झाले. काहीजण हौसेनं दहा-बारा घालतात. दिसायला नाजूक, पण एवढी जवळजवळ भोकं पडली की कातडं तिकिटासारखं फाटायला मोकळं. शेवटी दोन टाके उलटे परतून घेतलेत का ते बघा. गाठ मारून जाळलेलं टोक दिसलं तर काम उरकलेलं आहे असं समजा.

रिव्हेट लावायची तर पितळेची किंवा तांब्याची. लोखंडी रिव्हेट सालीच्या कातड्यात काळी पडते, भोवतीचं कातडंही काळं करते आणि मग तिथं ते ठिसूळ होतं. माझ्या मतानं टोकाला रिव्हेटही नको आणि बक्कलही नको. पुढच्या कडीपाशी बक्कल आलं की ते दस्त्याच्या लाकडावर घासून चरे पाडतं, आणि वाजतं ते वेगळं. त्यापेक्षा कातड्याचीच वादी काढून, तीन भोकांतून ओवून बांधायची. आवाज नाही, चरा नाही, आणि रानात सैल झाली तरी हातानं आवळता येते. बक्कल हवंच असेल तर मागच्या कडीकडं, आणि त्याच्या खाली कातड्याची जीभ.

कडीवरून जी घडी जाते तिथं रापीनं (कातडं तासायच्या सुरीनं) आतल्या बाजूनं थोडं उतरवायचं, म्हणजे घडी सहज बसते. उतरवायचं म्हणजे निम्मं कातडं काढून टाकायचं नव्हे. तिथंच सगळा भार येतो. कापलेल्या कडा गोल करून, ओल्या फडक्यानं आणि लाकडानं घासून चकचकीत केलेल्या असाव्यात. कडा धारदार राहिली तर मान कापते, पण लोक दुकानात कडेवरून बोट फिरवून बघतच नाहीत. खांद्याच्या रुंद भागाला खालून मऊ अस्तर लावतात. चांगलं वाटतं, घसरत नाही, पण घाम धरून ठेवतं. आपल्या उन्हाळ्यात मी लावत नाही.

शिवून झाला की लगेच रायफलीला नको. किंचित ओलावून, एका टोकाला पाच-सहा किलो वजन बांधून रात्रभर टांगून ठेवायचा. जो काय लांबायचा तो तिथंच लांबतो. मग भोकं पाडायची.

तेलाचं. आईंना सांगा, करडई फोडणीलाच बरी. करडईचं तेल हवेनं घट्ट होत जातं. आज चोळलं तर आठवड्यानं पट्टा चिकट, त्यावर धूळ, पुढं जाऊन वरून कडक पापुद्रा. जवसाचं तर त्याहून लवकर. एरंडेल वाळत नाही, तेच चांगलं. विहिरीवर मोटा चालायच्या तेव्हा कातड्याला एरंडेलच चोळायचे, असं आजा सांगायचा. किंचित कोमट करून बोटावर चार थेंब घ्या, मागच्या बाजूनं चोळा, दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं पुसा. वर्षाकाठी दोनदा, पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमाराला. जास्त तेल पाजलं तर पट्टा लुळा पडतो, लांबतो, आणि खांद्यावर तेलाचा डाग उठतो. घामाचा खार मात्र दर चार-आठ दिवसांनी ओल्या फडक्यानं पुसायलाच हवा, तेलापेक्षा त्याचं महत्त्व जास्त.

जुन्या पट्ट्याबद्दल स्पष्ट सांगतो. भेगेतून तांबूस भुसा निघतोय म्हणजे आतला धागाच कुजलाय. सालीवरचं कातडं फार जुनं झालं की असं होतं. त्याला कुठलंही तेल लावा, भेग जुळत नाही, वरून फक्त काळी दिसते. तो रायफलीला पुन्हा लावू नका. पण फेकूही नका, पितळी बक्कल उसवून घ्या. तसलं जड ओतीव बक्कल आता सहज मिळत नाही.

पट्टा_म्हणजे_पट्टा (जालना)

आठ महिने चामड्याचा आणि चार महिने नायलॉनचा, म्हणजे दोन पट्टे घ्यायचे. धंदा तुमचा बरोबर चालायलाय दादा.

साजवाला (लोहा)

नायलॉनचा माझ्याकडं मिळत नाही, तो तुमच्या गावातूनच मागवतील.

मन्याडकाठ (ता. कंधार)

मामा, दादा, दोघांचे आभार. कड्या मोजल्या. मामांनी म्हटल्यासारखंच निघालं: पुढची एक इंची आणि मागची सव्वा. मागची कुणी कधी बदलली ते घरात कुणालाच आठवत नाही. सुतळीनं लांबीही काढली.

आणखी एक अडचण. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. मागच्या वेळेला रायफल परत मिळाली तेव्हा पट्ट्यावर पांढरी बुरशी आणि एका कडेला उंदराच्या दाताच्या खुणा. भेगा त्यानंतरच वाढल्यात. कुणाला बोलणार? आता झटकन काढता येतात अशा कड्या मिळतात म्हणे, त्या बसवाव्या का?

हवालदार_मामा (उदगीर)

जमा करताना पट्टा काढूनच ठेवायचा. परवाना बंदुकीचा असतो, पट्ट्याचा नाही. ठाण्यात बंदुका महिना-दोन महिने एकमेकींना टेकून उभ्या असतात, कोंदट खोलीत. रायफलीला तेलाचा हात फिरवून, पट्टा काढून द्या आणि पावतीवर रायफलीचा नंबर व सोबत काय दिलं ते नीट लिहून घ्या. परत घेताना तिथंच बोल्ट उघडून नळीतून बघा.

घरीसुद्धा तेच. पावसाळ्यात पट्टा रायफलीवर गुंडाळून कव्हरमध्ये कोंबू नका. कातडं हवेतली ओल धरतं, आणि जिथं ते लोखंडाला टेकलं तिथं गंज. पट्टा वेगळा, खुंटीला लांब टांगलेला.

झटकन निघणाऱ्या कड्या कामाच्या आहेत, पण स्वस्तातल्या नकोत. त्यांची कळ सैल झाली की चालता चालता रायफल खांद्यावरून खाली येते. बसवल्यावर रिकामी रायफल पट्ट्याला धरून चांगली हिसके देऊन बघा. आणि हे काम शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच. दस्त्याला नवीन भोक पाडायची वेळ आली तर सुताराकडं जाऊ नका. लाकूड चिरलं की दस्ता गेला. तुमच्या जुन्या कड्यांच्याच जागी नव्या बसत असतील तर उत्तम, तेव्हाच दोन्ही एका मापाच्या करून टाका.

साजवाला (लोहा)

कड्या दोन्ही एक इंची करून घेतल्या तर पट्टा असा करू: मधे खांद्यावर दोन इंच, दोन्हीकडं निमुळता होत टोकाला एक इंचाला दोऱ्याइतका कमी, म्हणजे कडीत घासणार नाही. पुढं वादी, मागं तुमचं जुनं बक्कल. पण ते बक्कल सव्वा इंची असेल तर ते चालणार नाही. आतला गाळा मोजून कळवा, त्याप्रमाणं मागचं टोक कापतो.

कड्या बदलायच्या नसतील तरी अडत नाही, पुढचं टोक एक इंची आणि मागचं सव्वा ठेवू. मामा नाही म्हणतील, पण मी असे केलेत आणि चाललेत.

येताना रायफल आणू नका. मागं एकजण माळेगावच्या जत्रेत गर्दीतून खांद्याला बारा बोअर लावून माझ्या पालावर आला होता माप द्यायला. लोक बाजूला सरकले आणि माझं गिऱ्हाईक गेलं. मला रायफल लागत नाही. दोन्ही कड्यांचे गाळे पुठ्ठ्यावर पेनानं आखून आणा, गाठ मारलेली सुतळी आणा आणि जुना पट्टा आणा. तेवढ्यात होतं. आणि जत्रेच्या आधी या. मार्गशीर्ष लागला की घोडेवाले रांगेत असतात, मग तुमचा पट्टा पौषावर जाईल.